देवराईच्या पाण्यात बांगडा

समुद्र आमच्या मळेकोंड गावापासून दोन डोंगर पलीकडे. भरती कितीही चढली तरी तिचं पाणी इथवर यायचं नाही. मग आमच्या देवराईच्या झऱ्यात बांगडा कुठून आला? आणि तोही गुरुवारी, ज्या दिवशी गावात एकाही चुलीवर मासा चढत नाही?

पोरांनो, आधी तुम्हीच डोकं चालवा. म्हातारीला भास झाला असेल, असं म्हणून मोकळे होऊ नका. मला भास होत नाहीत. शिवाय बांगडा मी बघितला नाही. तो आहे असं एका यंत्राने सांगितलं, सगळ्या वर्गासमोर, अगदी शांत आवाजात. शांत आवाजात बोलणाऱ्यावर माझा आधीपासूनच विश्वास नाही.

पण सुरुवात माझ्या नातीपासून करायला हवी.

उर्वी चौथीत आहे. आमच्या परबांच्या घराला देवराईत दिवा लावायचा मान आहे. देवराई म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी आणत नाही. माझे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हापासून दिवा उर्वी लावते. एकदा संध्याकाळी ती दिवा लावून आली ती धापा टाकतच.

"आजी, राईतल्या कोंडीत पाणमांजर होतं!"

कोंड म्हणजे ओहोळातला खोल डोह. मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "कुत्रा असेल."

"कुत्रा कुर्ली फोडून खातो? एवढा मोठा खेकडा होता!"

"मग मुंगूस."

"मुंगूस पाण्यात बुडी मारतं? आजी, त्याची शेपूट बुंध्याशी जाड होती, मिशा ओल्या होत्या. माझ्याकडे बघितलं आणि पाण्यात गेलं. आवाजसुद्धा नाही केला."

खरं सांगायचं तर माझी पुरती खात्री पटली नव्हती. इतकी वर्षं मी त्या राईत जाते, मला कधी पाणमांजर दिसलं नाही. आणि जे मला दिसलं नाही ते दुसऱ्याला दिसलं, की माझ्या मनात पाल चुकचुकतेच.

पोरीने शाळेत सांगितलं आणि झालं! धुऱ्यांचा निहाल म्हणाला, "उद्या हिला कोंडीत मगर दिसेल, परवा जहाज." तेव्हापासून ती वर्गात शिरली की पोरं ओठांवर बोटं फिरवून मिशा सारख्या करायची. थापाडी, थापाडी! पोरगी बोलेनाशी झाली. सकाळी शाळेची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं. मला सगळं चालतं, पण माझ्या घरातल्या पोरीला थापाडी म्हटलेलं चालत नाही. ते तिला एकटीला म्हणणं नसतं, ते आमच्या उंबऱ्याला म्हणणं असतं.

अशात शाळेची सहल निघाली, राईतले प्राणी ओळखायला. वनशिक्षण केंद्रातून एक यंत्रमानव येणार होता आणि कोणकोणते प्राणी तिथे राहतात ते सांगणार होता.

उर्वी मला बिलगून म्हणाली, "आजी, त्याने पाणमांजर नाही असं सांगितलं तर?"

"त्याची काय टाप आहे!" मी म्हटलं. पण पोरांनी चिडवलेलं आज ना उद्या विरतं. यंत्राने खोटी ठरवलेली पोरगी मात्र जन्मभर खोटीच राहते. म्हणून मी ठरवलं, सहलीला जायचं आणि त्या यंत्रावरची नजर हलवायची नाही.

हल्ली शाळेच्या गाडीला ड्रायव्हर नसतो. गाडी आपली आपणच वळणं घेते. मी तिच्यात कधी बसत नाही. त्या दिवशी बसले, कारण वर्गाच्या नार्वेकरबाई घरी येऊन म्हणाल्या, "राईचा मान तुमचा, तुमच्याशिवाय कसं जायचं?" मान दिला की मी जाते. रस्ताभर पुढची दांडी मात्र सोडली नाही.

यंत्रमानव म्हणायला मानव. दिसायला शेळीएवढा, चार पायांचा, आणि तोंडाच्या जागी हत्तीच्या सोंडेसारखी नळी. पोरांनी गाडीत बसल्या बसल्या त्याचं नाव हुंग्या ठेवून टाकलं.

"नमस्कार आजी," तो मला म्हणाला.

"मी तुझी आजी कधीपासून झाले?"

"मग काय म्हणू?"

"परबीणबाय म्हण."

"नमस्कार परबीणबाय." बोलण्यात खोट काढावी असं काही सापडेना, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

हुंग्या पोरांना म्हणाला, "जंगलातले प्राणी लपून असतात. तुमची चाहूल लागायच्या आधी ते निघून जातात. म्हणून मी त्यांना न बघता ओळखतो."

"न बघता ओळखणारे आमच्याकडेपण आहेत," मी म्हटलं. "ते पत्रिका मांडून बसतात."

पोरं हसली. बाई हळूच म्हणाल्या, "आजी, जरा ऐकू या ना."

हुंग्याला राग येत नाही. तो सांगू लागला, "पाण्याशी आलेला प्रत्येक जीव मागे काहीतरी सोडून जातो. केस, लाळ, लेंडी, कातडीचा भुगा. त्यात त्याच्या पेशी असतात (पेशी म्हणजे ज्या बारीक कणांनी अंग बनतं त्यातला एकेक कण, डोळ्यांना न दिसणारा). आणि पेशीत असतो डीएनए (आईबापांकडून आलेला लांबलचक धागा, हा जीव बेडूक व्हायचा की बिबट्या, ते त्यावर लिहिलेलं असतं). पाणी बारीक गाळणीतून गाळायचं, गाळणीवर अडकलेले धागे वाचायचे, की कोण येऊन गेलं ते समजतं. याला पर्यावरणीय डीएनए म्हणतात (म्हणजे जीव निघून गेला तरी पाण्यात, मातीत, हवेत उरलेली त्याची खूण)."

निहाल म्हणाला, "एवढासा धागा तुला दिसतो कसा?"

"दिसत नाही. म्हणून आधी मी त्याच्या प्रती काढतो. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. बघता बघता लाखो होतात, मग वाचता येतं."

ते मला समजलं. चमचाभर विरजण घातलं की सकाळपर्यंत पातेलंभर दही होतं, तसलाच प्रकार. पण विरजण घालणाऱ्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते. चमचा कशाचा होता, आधी कुठल्या भांड्यातून फिरला होता, ते बघावं लागतं. ते मी मनातच ठेवलं. दुसराच प्रश्न विचारला.

"म्हणजे माझ्या घरचं पाणी हुंगलंस तर घरात कोण आलं, कोण गेलं, तेही तुला कळणार?"

"माणूस आला होता एवढं सांगेन. कोणता माणूस, ते मी वाचत नाही. मला तशी मनाई आहे."

"मनाई आहे म्हणजे येतं."

"येतं," हुंग्या म्हणाला. खोटं बोलला असता तर बरं वाटलं असतं. लगेच पकडला असता.

मग त्याने आपल्या पोटाचा कप्पा उघडून बाटल्या दाखवल्या. बंद झाकणाच्या, रिकाम्या. एका बाटलीत मात्र आधीच पाणी होतं.

"हे काय?" मी झडप घातली. "यात आधीच भरून आणलंयस?"

"ते शुद्ध पाणी आहे परबीणबाय. त्यात कुणाचाच धागा नाही. त्याला कोरा नमुना म्हणतात (काहीच सापडू नये अशी, आपल्याच कामावर पहारा ठेवणारी बाटली)."

"आणि बाकीच्यांत तू वाटेत काही भरलं नाहीस हे कुणी बघायचं? आण इकडे त्या बाटल्या. राईपर्यंत माझ्यापाशी राहतील."

हुंग्या म्हणाला, "त्या माझ्या कप्प्यात राहिल्या तर बरं."

"तुला बरं की मला?"

बाईंनी कपाळाला हात लावला. पण दाखवलेल्या बाटल्या, ती कोरीसुद्धा, माझ्याकडे आल्या. मी त्या माझ्या पिशवीत घातल्या, पिशवीचं तोंड पिळून धरलं, आणि राईच्या दारापर्यंत कुणाचं बोटही लागू दिलं नाही.

राईच्या दारावर, हद्दीच्या दगडाबाहेर, एक झरा आहे. तिथून पाणी राईत शिरतं, कोंडीत साठतं, आणि खालच्या अंगाला परत हद्दीबाहेर पडून व्हाळातून वाहत जातं. व्हाळ म्हणजे आमच्याकडचा ओढा. झरा बाहेर असला तरी देवीचाच. तिला विचारल्याशिवाय पाणी घेणं म्हणजे चोरी. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. ते घालायचं काम पुरुषांचं, पण गावचा मानकरी गावकर त्या दिवशी तापाने निजलेला होता. मग मीच घातलं.

"बा देवी माये! आज तुझ्या दाराक ही पोरां इली हत."

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

"तेंच्या वांगडा, सोबतीक, एक यंत्र आसा. तेका नाक आसा, पण अक्कल आसा काय नाय ता तुका ठावक!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका घोटभर पाणी घेवक दी, आणि तेना खोटा सांगल्यान तर तेचा नाक बंद कर!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांत मोठ्याने म्हटलं ते हुंग्यानेच. मेल्याला हसायचं कळतं की काय, असा मला संशय आला.

मी पिशवीतून बाटल्या काढून दिल्या. हुंग्याने सोंडेने झाकणं काढली, झऱ्याचं पाणी भरलं, आणि कोरी बाटलीही तिथेच क्षणभर उघडून बंद केली.

"तू आत यायचं नाहीस," मी त्याला बजावलं. "तुझ्या पायांना काय लावलंय?"

"रबर. चामडं नाही."

"तरीपण. देवी तुला ओळखत नाही."

तो दगडापाशी थांबून पाणी गाळत बसला. आम्ही वहाणा काढून आत गेलो. आत शिरलं की आवाज बदलतो. बाहेर उन्हाचा रखरखाट आणि आत पायाखाली ओला पाला. पोरांना सगळं बघायचं होतं, आणि दिसलं काय? शेकरूच्या शेपटीचं टोक, एका धनेशाच्या पंखांचा सू सू आवाज, आणि मुंग्या. कोंडीपाशी आलो तर पाणी आरशासारखं स्थिर. उर्वी काठावर उभी राहून बघत होती. पाणमांजर दिसलं होतं तो खडक रिकामा होता.

"पाणमांजर सुट्टीवर गेलंय," निहाल कुजबुजला. पोरांनी ओठांवरून बोटं फिरवली. उर्वीने मान खाली घातली. मी निहालकडे असं बघितलं की तो पुढच्या झाडामागे गेला. पण बघून काय होतं? मलाही काही दिसलं नव्हतं.

बाहेर आलो तर हुंग्याच्या पाठीवरचा दिवा हिरवा झाला होता.

"सांग ना! सांग ना!" पोरांनी त्याला घेरलं.

"अजून कोरी बाटली वाचायची आहे. तोवर उत्तर कच्चं आहे," तो म्हणाला.

"कच्चं तर कच्चं, सांग!"

बाईही म्हणाल्या, "सांग बाबा, मुलं थकलीत."

"झऱ्याच्या पाण्यात सापडलेले जीव," हुंग्या म्हणाला. "माणूस. गाय. दोन प्रकारचे बेडूक. डोंगरी खेकडा. बुलबुल. आणि बांगडा."

मग असा हशा पिकला की राईतली पाखरं उठली.

"बांगडा! झऱ्यात बांगडा!"

"कढीपण आहे का रे त्यात?"

निहालने हसता हसता मधेच विचारलं, "आणि पाणमांजर?"

"नाही," हुंग्या म्हणाला.

बस्स. पोरांना दोन्ही हवं ते मिळालं. अर्धी हुंग्यावर हसत होती, अर्धी उर्वीवर. पोरगी माझ्या पदराआड येऊन उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर परवडलं असतं.

मला जोर चढला. "ऐका सगळ्यांनी! जे यंत्र डोंगरावर बांगडा दाखवतं त्याच्या 'नाही'ला काय किंमत? खोटं ते खोटं!"

"परबीणबाय, तुमचा संशय बरोबर आहे," हुंग्या म्हणाला.

मी गपकन थांबले. भांडायला उभं राहावं आणि समोरच्याने पटकन मान्य करावं, यासारखा अपमान नाही.

तो म्हणाला, "बांगडा इथे राहू शकत नाही. म्हणजे एक तर माझं वाचन चुकलं, किंवा बांगड्याचा धागा बाहेरून आला. याला दूषण म्हणतात (जे तिथलं नाही ते नमुन्यात मिसळणं). मी लाखो प्रती काढतो, म्हणून मिसळलेल्या कणाचेही लाखो होतात. कोणतं खरं ते कोरी बाटली सांगेल."

त्याने ती वाचायला घेतली. तेवढ्या वेळात मी माझा तपास सुरू केला. कुणीतरी गुरुवारी बांगडा खाऊन देवीच्या दारात आलं होतं! मी एकेका पोराला जवळ बोलावून तोंडाचा वास घेतला. कुणाच्या तोंडाला चटणी, कुणाच्या तोंडाला नुसता आळस. मग मी बाईंकडे वळले. बाई शहरातल्या, एकट्या राहणाऱ्या.

"बाई, सकाळी काय खाल्लंत?"

"अहो आजी, उपमा!"

"नुसता?"

"नुसता! वर खोबरं!"

तेवढ्यात हुंग्या म्हणाला, "कोऱ्या बाटलीतही बांगडा आहे."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे तो झऱ्यातला नाही. कोऱ्या बाटलीत झऱ्याचं पाणी गेलेलंच नाही. गाय, बेडूक, बुलबुल फक्त झऱ्याच्या पाण्यात आहेत, ते खरे. बांगडा दोन्हींत आहे, म्हणजे तो बाटल्यांना बाहेरून लागला. त्या बाटल्या माझ्या कप्प्यातून निघाल्यावर कुठे होत्या?"

सगळा वर्ग माझ्या पिशवीकडे बघू लागला.

आता बुधवारी बाजार असतो. बुधवारी मी मासे आणते. पिशवी धुतली होती हो मी! साबणाने धुतली, उन्हात वाळवली, वास घेऊन बघितला. पण माझं नाक ते माझं, आणि हुंग्याची सोंड ती हुंग्याची. यंत्राने लबाडी करू नये म्हणून मी बाटल्या ताब्यात घेतल्या, आणि बांगडा मीच त्यात घातला.

निहाल फिसकन हसला. मी म्हटलं, "हसा, हसा. पण बांगडा खोटा निघाला ना? मग ते 'नाही'सुद्धा खोटंच!"

"तसं होत नाही," हुंग्या म्हणाला. "पिशवीमुळे नसलेलं दिसू शकतं. असलेलं दडत नाही. त्या पाण्यात पाणमांजराचा धागा मला मिळाला नाही, हे बांगड्यामुळे बदलत नाही."

मेला, किती सरळ बोलावं माणसाने! पोरं वहाणा शोधायला लागली. बाई म्हणाल्या, "चला, रांग करा." सहल संपली होती, आणि माझी नात उद्यापासून वर्गात कायमची थापाडी होती.

तेव्हा पदराआडून आवाज आला. कितीतरी दिवसांनी चारचौघांत निघालेला आवाज.

"हुंग्या, पाणी वरून खाली जातं ना?"

"हो."

"आणि मी ते कोंडीत बघितलं. झऱ्यावर नाही. मग खालची बातमी वर कशी येईल?"

हुंग्याने सोंड राईकडे वळवली. मग म्हणाला, "येणार नाही. वाहतं पाणी धागे खालच्या दिशेने नेतं. मी वरचं पाणी वाचलं, म्हणून वर कोण आलं होतं तेवढंच मला कळलं. 'सापडलं नाही' आणि 'तिथे नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोंडीबद्दल बोलायचं तर मला कोंडीचं पाणी हवं."

पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. हद्दीच्या आत तो जाऊ शकत नव्हता, कारण मी नाही म्हटलं होतं. आतलं पाणी कुणी बाहेर आणू शकत नव्हतं, कारण आतली काडीही बाहेर आणायची नाही, हा नियम माझ्या आजेसासूच्याही आधीचा.

"आजी," बाई म्हणाल्या, "एकच बाटली..."

"नाही."

उर्वीच्या डोळ्यांत बघवेना. पण नियम नातीसाठी वाकवला तर उद्या सागवान तोडणारा येऊन म्हणेल, परबांनी वाकवला, मग आम्हाला का नाही? मी दगडासारखी उभी राहिले आणि विचार करू लागले. पाणी खाली जातं. खालची बातमी वर येत नाही. पण वरची? गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायला घरात शिरावं कशाला लागतं? खालच्या पाणवठ्यावर जाऊन बसलं की सगळी घरं आपली आपण वाहत येतात.

"राईतला एक थेंब मी उचलू देणार नाही," मी म्हटलं. "पण जो थेंब आपल्या पायांनी बाहेर पडतो त्याला कोण अडवणार? चला खाली, व्हाळावर!"

राईच्या खालच्या अंगाला, हद्दीच्या दगडापलीकडे व्हाळ खळखळत बाहेर पडतो. देवीने सोडून दिलेलं पाणी. तिथे हुंग्याने दुसऱ्या कप्प्यातून नव्या बाटल्या काढल्या, त्यांत एक कोरीही. मी पिशवी लांब एका आंब्याला टांगली, हात पाठीमागे घेतले आणि दहा हात दूर उभी राहिले. कुणी सांगायच्या आधीच.

"डीएनए पाण्यात किती दिवस टिकतो?" उर्वीने विचारलं.

"ऊन लागलं, पाणी गरम असलं की लवकर तुटतो. गार सावलीत जास्त टिकतो. पण फार दिवस नाही. तुला दिसलेला प्राणी त्यानंतर परत आला नसेल तर खूण पुसली गेली असेल."

"म्हणजे आज नाही आलं तर..."

"तरी तू खोटी ठरत नाहीस. पण खरीही ठरणार नाहीस."

यंत्र गाळत होतं, प्रती काढत होतं, आणि आम्ही सगळे व्हाळाच्या दगडांवर बसून त्याच्या दिव्याकडे बघत होतो. मी देवीला मनातल्या मनात आणखी एक गाऱ्हाणं घातलं. काय घातलं ते सांगत नाही.

दिवा हिरवा झाला.

"उत्तर कच्चं आहे," हुंग्या म्हणाला. "माणूस. गाय. बुलबुल. बेडूक, आता तीन प्रकारचे. खेकडा. सांबर. शेकरू. धनेश. कोंडीतले तीन प्रकारचे मासे. आणि पाणमांजर."

पोरं अशी उसळली की व्हाळाचं पाणी बाईंच्या साडीवर उडालं. मी तर टाळी वाजवली. "बघितलंत? बघितलंत? परबांची पोरगी आहे ती! काय रे निहाल, आता फिरव मिशांवरून बोट!" हुंग्याच्या थंडगार पाठीवर मी थाप मारली. "शहाणा आहेस हो. पहिल्यापासून मला वाटतच होतं."

"थांबा," उर्वी म्हणाली.

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"थांबा म्हटलं ना! कोरी बाटली वाचली का?"

"अजून नाही," हुंग्या म्हणाला.

"मग आधी ती वाच."

"अगो बाय," मी म्हटलं, "हो म्हणतंय ना ते! तुझ्याच बाजूने बोलतंय!"

"बांगड्याच्या वेळी तू खोटं म्हणालीस," उर्वी म्हणाली. "तेव्हा उत्तर तुला नको होतं. आता हवं आहे, म्हणून लगेच खरं? हुंग्या दुसऱ्या शाळांबरोबर पण जातो. नदीवर गेला असेल, तिथून त्याच्या सोंडेला लागलं असेल. मला उद्या कुणी तसं म्हणायला नकोय."

सकाळपासून मी सगळ्यांवर संशय घेत होते, गाडीवर, यंत्रावर, पोरांच्या तोंडांवर, बाईंच्या उपम्यावर. आणि मनासारखं उत्तर मिळताक्षणी माझा सगळा संशय वहाणा घालून पळून गेला होता. नेमका तिथेच तो हवा होता. पोरीचा संशय माझ्यापेक्षा खरा होता. तो आवडत्या गोष्टीलाही सोडत नव्हता.

हुंग्याने कोरी बाटली वाचायला घेतली. आता कुणी दंगा केला नाही. सगळ्यांत जास्त धीर सुटलेला माझा, आणि सगळ्यांत शांत बसलेली उर्वी, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. या बाटलीत पाणमांजर निघालं असतं तर तिने स्वतःच आपली बाजू मोडून टाकली असती, आणि ते तिला ठाऊक होतं.

"कोरी बाटली," हुंग्या म्हणाला. "कुणीही नाही. उत्तर पक्कं आहे."

या वेळी पोरं उसळली नाहीत. निहाल उठून उर्वीसमोर आला. पाय एकमेकांवर घासत म्हणाला, "मिशा खरंच ओल्या होत्या?"

"हो. आणि पांढऱ्या."

"कुर्ली कशी खात होतं?"

"दोन्ही हातांत धरून. आधी पाय मोडले, मग कवच."

तो तिच्या शेजारी दगडावर बसला. मग आणखी दोन पोरं बसली. मग सगळा वर्ग तिच्याभोवती, आणि तिला बोलायला जागा पुरेना.

"हुंग्या," तिने मधेच विचारलं, "एकच आहे की पिल्लंपण आहेत?"

"मला माहीत नाही. पाण्यात कोण आहे ते मी सांगू शकतो. किती आहेत ते पाणी मला नीट सांगत नाही."

"मग ते कसं कळणार?"

"त्याला बघावं लागेल. गप्प बसून, लांबून, पुन्हा पुन्हा. ते काम मला येत नाही. माझ्या पायांचा आवाज होतो."

"आम्ही करू," निहाल म्हणाला. "पाळीपाळीने."

"वहाणा हद्दीबाहेर काढून," मी म्हटलं. "आणि जे दिसलं नाही ते दिसलं म्हणायचं नाही."

"आणि जे दिसलं नाही ते नाहीच, असंही म्हणायचं नाही," उर्वी माझ्याकडे बघून म्हणाली.

पोरगी उलट बोलायला लागली होती. म्हणजे बरी झाली होती.

बाई पोरांच्या पाळ्या लावू लागल्या. पहिल्या पाळीला मोठं माणूस म्हणून कोण येणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. पोरांवर भरवसा आहे म्हणून नव्हे हं. त्या कोंडीतल्या मिशा मला माझ्या डोळ्यांनी बघायच्या आहेत.